हात आधी, तोंड नंतर

आमचे भावोजी दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि स्वतः जिन्याने जायचे. कितीही मजले असोत. हातात हत्यारांची पेटी, पाठीला चिकटलेला शर्ट, आणि वर पोचल्यावर चेहऱ्यावर असा भाव की लिफ्ट नावाची वस्तू अजून कोणी शोधलेलीच नाही. ताई पाहुण्यांना सांगायची, "शिंप्याचा सदरा उसवलेला, तसं आमच्याकडे." पाहुणे हसायचे, भावोजीही हसायचे. मीही हसायचे. माझी जीभ तिखट म्हणून घरात प्रसिद्ध आहे, आणि भावोजींची टिंगल मेहुणीने नाही करायची तर कोणी करायची?

जिन्याचं एक झालं. त्यांच्या बाकीच्या तऱ्हा ऐका. बाहेर पडताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. गॅस बंद केला की बटणावर हात ठेवून उभं राहायचं, बटण जणू पळूनच जाणार आहे अशा थाटात. ताईने बंद केला असेल तर विचारायचं, "बंद केलास?" ती हो म्हणायची. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतः बघायचं. "अहो, माझ्यावर विश्वास नाही तर विचारता कशाला?" असं म्हणून ती चिडायची. भावोजी खाली मान घालायचे. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो.

आता आमची माणसं सांगते. आम्ही तीन भावंडं. सर्वांत मोठा दादा, मग ताई, मग मी. आईवडील लवकर गेले आणि दादाने आम्हाला वाढवलं. दादा लिफ्टचा मिस्त्री. भावोजी आधी त्याचे शिकाऊ होते, मग जोडीदार झाले, आणि मग एक दिवस दादा घरी येऊन ताईला म्हणाला, "ज्याच्या एका शब्दावर मी रोज यंत्रात हात घालतो, त्याच्या घरात बहीण द्यायला मला तरी भीती वाटत नाही. तुझं तू बघ." ताईने बघितलं आणि हो म्हणाली. लग्नानंतरही दादा त्यांना 'अरे' आणि ते दादाला 'अहो' म्हणत राहिले. कामावरची सवय घरी आली.

तो 'एक शब्द' काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. लिफ्टचं काम जोडीने करतात. एकजण सगळ्यात वर, मोटरच्या खोलीत, मेन स्विचपाशी. दुसरा खाली लिफ्टच्या डब्याच्या छपरावर नाहीतर तळाच्या खड्ड्यात. मध्ये काळोखी पोकळी. एकमेकांना दिसत नाहीत, फक्त आवाज जातो. खालचा ओरडतो, "बंद?" वरचा मेन स्विचची दांडी खाली ओढतो, तिच्यावर हात तसाच ठेवतो, आणि मग ओरडतो, "बंद." ते ऐकलं की खालचा कप्पीत, दोरात, जिथे लागेल तिथे हात घालतो. दादा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून एकच घोकवायचा. हात आधी, तोंड नंतर. हात दांडीवर नसेल तर तोंड उघडायचं नाही. नवी माणसं कंटाळायची. दादा म्हणायचा, "कंटाळा, पण विसरू नका."

भावोजींचं तोंड मात्र जरा पुढेच असायचं. ते मला चर्चमध्ये दिसायचं. मी आठवडाभर शाळेत शिकवते आणि रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवते. माझी बैठक मंडळीकडे तोंड करून आहे, त्यामुळे कोण डुलक्या घेतं, कोण गाणं न येता ओठ हलवतं, हे मला फुकटात बघायला मिळतं. भावोजींचं 'आमेन' सगळ्यात मोठं, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या जरा आधीच. पोरं त्यांना आमेनकाका म्हणायची. पाळकसाहेब एकदा व्यासपीठावरूनच म्हणाले होते, "अहो, मला मागणं पुरतं मागू तरी द्या." सगळी मंडळी हसली. मी घरी जाताना विचारलं, "भावोजी, काय मागितलं ते ऐकता तरी का?" ते म्हणाले, "पाळकसाहेब वाईट थोडंच मागणार आहेत?"

मग ती सकाळ आली. कचेऱ्यांची एक जुनी इमारत, जुनीच लिफ्ट. छपरावर उभं राहून बंद करायचं वेगळं बटण असतं, तेही तिला नव्हतं. दादा डब्याच्या छपरावर, कप्पीवरचा दोर साफ करायला. भावोजी वर मोटरच्या खोलीत. दादाने विचारलं, "बंद?" भावोजी एक सैल स्क्रू आवळत होते. मनात होतं, एवढा आवळतो आणि दांडी ओढतो. पण तोंडाला सवय झालेली. तोंड म्हणालं, "बंद." खाली कोणीतरी लिफ्ट बोलावायचं बटण दाबलं. डबा फार नाही, वीतभर सरकला. दोर आणि कप्पी यांच्यामध्ये दादाचा उजवा हात होता. तीन बोटं गेली.

दादाचं ओरडणं ऐकून भावोजींनी दांडी खाली ओढली. माणसं धावत वर आली तेव्हा स्विच बंद होता, आणि त्यावर भावोजींचा हात होता. लिफ्टच्या कंपनीचे मालक आले. त्यांनी विचारलं, "त्याने तुला विचारलं होतं का?" भावोजी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही. ते ओरडले तेव्हा मी बंद केलं." यातलं दुसरं वाक्य खरं होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या सकाळी त्यांची जीभ दोनदा वळली, एकदा सवयीने आणि एकदा घाबरून. पहिलीला चूक म्हणता येईल. दुसरीला मी कधीच चूक म्हणणार नाही.

हे सगळं मी आज सांगते आहे. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दादा हॉस्पिटलात पडून सारखा म्हणायचा, "मी विचारलं होतं. हा बंद म्हणाला. मी ऐकलं." डॉक्टर म्हणाले, अशा धक्क्यात माणसाच्या आठवणींची सरमिसळ होते. मालक म्हणाले, कामाच्या घाईत होतं असं. आणि ताई त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "दादा, तुला भास झाला असेल रे. हे कशाला खोटं बोलतील?" भावोजी तेव्हा खोलीतच होते, त्याच्यासाठी फळं कापत होते.

ते रोज जायचे. दादाला भरवायचे, त्याचे कपडे बदलायचे, वहिनीला घरी झोपायला पाठवून स्वतः खुर्चीत बसून राहायचे. असा मेहुणा नशिबाने मिळतो, असं शेजारच्या खाटेवरचे लोक म्हणायचे. आणि एक दिवस दादाने स्वतःच त्यांची समजूत घातली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आता नीट विचार केला. रोज विचारतो आणि रोज बंद ऐकतो. त्या दिवशी विचारायचंच राहिलं असेल, आणि कानाने सवयीने ऐकून टाकलं असेल. चूक माझी आहे." भावोजींनी मला पुष्कळ नंतर सांगितलं, की दादाने त्यांना थोबाडीत मारली असती तर ती त्या वाक्यापेक्षा सोपी गेली असती.

दादा बरा झाला. मालक दुसरं हलकं काम देत होते, पण त्याने लिफ्ट सोडली. बोटांमुळे नाही. तो म्हणाला, "ज्याला न बोललेलं ऐकू येतं त्याने या धंद्यात राहू नये, कोणाचा तरी जीव घेईल." एका कचेरीच्या दारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत सोडायचं काम त्याने धरलं. आणि ज्या दादाच्या शब्दावर आमचं घर चालायचं, तो आता वहिनीची हाक ऐकू आली की स्वयंपाकघरात जाऊन विचारायचा, "हाक मारलीस ना?" फोनवर कोणी वेळ सांगितली की फोन तिच्या हातात द्यायचा. "तू ऐक. माझ्या कानांचा भरवसा नाही." हे तो हसत म्हणायचा. मला ते हसणं बघवायचं नाही.

इकडे भावोजींची भीती सुरू झाली. आधी लिफ्टने जाणं सुटलं, मग कुलूप, मग गॅस, मग ताईला यायला जरा उशीर झाला की खिडकीत उभं राहणं. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि चर्चमध्ये त्यांचं आमेन बंद झालं. ओठ हलायचे, आवाज नाही. मला ऑर्गनवरून दिसायचं. प्रभुभोजन मनात पाप लपवून घ्यायचं नसतं, आणि त्या रविवारी तर त्यांचं पोट न चुकता बिघडायचं. भाकर आणि प्याला फिरायला लागायच्या आत हे बाहेर अंगणात. मी ताईला म्हटलंही, "तुझ्या नवऱ्याच्या पोटाला उपासनेचा क्रम बरोबर पाठ आहे." ताई म्हणाली, "तुला सगळ्यात मस्करी सुचते."

मंडळीने मात्र त्यांच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाही. पाळकसाहेबांनी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत 'भिऊ नको' लिहून त्यांच्या हत्यारांच्या पेटीत आतून चिकटवलं. पाळकबाईंनी रोज म्हणायला वचनं दिली. महिलामंडळाने उपास धरला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर डोक्यावर हात ठेवून भीतीला असं काही दरडावलं की मीच दचकले. भावोजी सगळ्याला मान खाली घालून उभे राहायचे. घरी गुडघ्यांवर येऊन मागायचे, "प्रभू, माझी भीती काढ." ते मनापासून मागत होते, यात मला शंका नाही. माझा प्रार्थनेवर विश्वास आहे. पण दाढ दुखत असताना गुडघ्याला तेल चोळत बसलं, तर तेलाला तरी नावं कशी ठेवायची?

वर्षं अशीच गेली. मग पाळकसाहेबांनी एक दिवस भावोजींना आजाऱ्याच्या भेटीला बरोबर नेलं आणि हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये हात धरून आत घेतलं. भावोजी डोळे गच्च मिटून वरपर्यंत गेले. झालं. पाळकसाहेबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी उपासनेत जाहीर करून टाकलं, की पुढच्या रविवारी आपले बंधू साक्ष देतील, प्रभूने त्यांची भीती कशी काढली ती. मंडळीने टाळ्या वाजवल्या. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

त्याच आठवड्यात दादा ताईकडे आला. मीही तिथे होते. लिफ्टच्या कंपनीत आता जुन्या मालकांचा मुलगा बसत होता. त्याने दादाला बोलावून घेतलं होतं. नव्या माणसांना शिकवायचं, चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, फक्त शिकवायचं. "मी नाही म्हणून आलो," दादा म्हणाला.

"का?" ताईने विचारलं.

"काय शिकवू? बंद ऐकू आलं की हात घाला, असं सांगू? मला तर कोणी न बोलताच ऐकू येतं." आणि तो पुन्हा तसाच हसला.

भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले. नेहमीप्रमाणे गॅस बघायला गेले असतील म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने मागे गेले. त्यांचा हात बटणावर होता आणि कपाळ भिंतीला टेकलेलं होतं. मी विचारलं, "भावोजी, बरं नाही का?" ते म्हणाले, "तू जा." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी जा म्हटलं नव्हतं. मी गेले.

दादाला ते काम हवं होतं, हे वहिनीकडून कळलं. नकार देऊन आल्यावर तो जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हाताने लिफ्टचं चित्र काढत होता. डबा, दोर, कप्पी, खड्डा. काढायचा आणि चुरगळायचा.

साक्षीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, भावोजी चर्चमध्ये गेले. पाळकसाहेब एकटेच खुर्च्या लावत होते. भावोजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हा सगळा प्रसंग मला भावोजींकडूनच कळला, पाळकसाहेबांनी कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. सांगून झाल्यावर भावोजी म्हणाले, "उद्या मी साक्षीत हेच बोलतो. सगळ्यांसमोर."

पाळकसाहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, "सगळ्यांसमोर सोपं आहे हो. तुम्ही रडाल, बायका डोळे पुसतील, मी तुम्हाला मिठी मारीन. आणि दादा? ते पुढच्या बाकावर, दोनशे डोळे त्यांच्यावर. त्यांना रागवायला तरी मिळेल का? त्यांच्या घरी जा. शास्त्रात तसंच आहे ना, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवायचं आणि आधी त्याच्याकडे जायचं."

"पण त्यांच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नाही," भावोजी म्हणाले. "ते स्वतःलाच दोष देतात."

"मग तर धावत जा."

भावोजींचे पाय तरीही उचलेनात. "ते तोंड बघणार नाहीत माझं. ही घर सोडून जाईल. देव तरी माफ करेल का मला?"

पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही त्याला अजून विचारलंय कुठे? इतके दिवस भीती काढ म्हणून मागत होतात. खोटं बोललो, असं एकदा तरी म्हणालात?" मग ते स्वतःच खजील झाले. "आणि मीही तसलाच. औषधावर औषध देत सुटलो, दुखतं कुठे ते विचारलंच नाही."

दोघं खुर्च्यांच्या मधोमध गुडघ्यांवर आले. पाळकसाहेबांनी या वेळी प्रार्थना केली नाही, नुसते थांबले. शेवटी भावोजीच म्हणाले, "प्रभू, मी खोटं बोललो. माझ्या भावाला वेडं ठरवलं. तुला ठाऊक होतं, तरी तुझ्यासमोर मी भित्र्याचं सोंग केलं." आणि पुष्कळ वेळाने, ऐकू येईल न येईल असं, "आमेन." उठताना पाळकसाहेब एवढंच म्हणाले, की तुम्हाला क्षमा मिळाली आहे, आणि दादांकडे जायचं ते ती कमवायला नाही, ती मिळाली म्हणून.

त्या संध्याकाळी ताई आणि मी दादाच्या घरी होतो. वहिनीला नवे पडदे शिवायचे होते, टेबलावर कापड पसरलेलं. दादा पलीकडे बसून डाव्या हाताने वाटाणे सोलत होता. भावोजी दारात आले. दादाचं घर खूप वरच्या मजल्यावर आहे, आणि भावोजींना धाप लागलेली नव्हती. ते लिफ्टने आले होते. नंतर विचारलं तर त्यांना आठवेना.

आम्ही उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "बसा. तुमच्या सगळ्यांदेखत खोटं बोललो होतो." मग दादाकडे बघून म्हणाले, "दादा, तुम्ही विचारलं होतं. मी बंद म्हटलं होतं. हात दांडीवर नव्हता."

दादाचा हात थांबला. "परत सांग."

भावोजींनी परत सांगितलं.

दादाने वहिनीकडे बघितलं. "तू ऐकलंस? काय म्हणाला हा?"

वहिनीच्या हातात कात्री होती. ती खाली ठेवून तिने शब्दन् शब्द सांगितला, "तुम्ही विचारलं होतं, हे बंद म्हणाले होते, आणि यांचा हात दांडीवर नव्हता."

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं," दादा म्हणाला. तो हे आम्हाला सांगत नव्हता. त्याचा चेहरा एकदम असा उजळला की मला वाटलं, आता हा उठून भावोजींना मिठी मारणार. तो उठला खरा. खुर्ची मागे पडली.

"बोटं गेली ती गेली," तो म्हणाला. "चूक माणसाकडून होते, उद्या माझ्याकडूनही झाली असती. मी तुला एका शब्दाने बोललो नसतो. पण तू मला खुळा केलंस. माझ्या बहिणीच्या तोंडून मला भास झाला म्हणवलंस. माझ्या बायकोची हाकसुद्धा मला खरी वाटेनाशी झाली, आणि तू शेजारी बसून फळं कापत होतास."

भावोजी म्हणाले, "मला माफ करा."

"नाही," दादा म्हणाला. "आज नाही. आज म्हटलं तर ते तुझ्या बंदसारखंच होईल, हात दांडीवर नसताना म्हटलेलं. तू जा आता."

भावोजी गेले. ताई त्यांच्याबरोबर गेली नाही. ती पडद्याचं कापड घट्ट धरून बसली होती. "मी त्याला खोटं पाडलं," ती मला म्हणाली. "यांच्यासाठी. त्याच्या उशाशी बसून." त्यानंतर कितीतरी दिवस ती दादाकडेच राहिली. मग परत गेली, पण कामापुरतं बोलायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणायचं? मी मात्र म्हणून घेतलं. भावोजींना जिन्यात गाठून जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी मीच थकले.

रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, आज साक्ष होणार नाही. का, ते सांगितलं नाही. मी गाणी इतक्या रागाने वाजवली की मंडळी मागे पडली. भावोजी शेवटच्या बाकावर बसले होते. प्रभुभोजन तेव्हाही त्यांनी घेतलं नाही, पण बाहेर पळालेही नाहीत. सोमवारी ते कंपनीत गेले आणि नव्या मालकाला सगळं सांगितलं. जोडीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. एकट्याने करायची किरकोळ कामं राहिली. कोणी कारण विचारलं की ते कारण सांगायचे. सगळ्यांना. ऐकणारा अवघडून जायचा.

राग जरा ओसरल्यावर मी एकदा विचारलं, "भीतीचं काय झालं?" त्यांनी खरोखरच आठवून बघितलं. "गेली वाटतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, अपघाताची भीती आहे, लिफ्टची आहे. भीती होती ती हे कळेल याची. आता सगळ्यांना कळलंय. आणि ज्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याने तर मला कधीच सोडलं नव्हतं, मीच त्याच्यापासून अंगणात पळत होतो." मग म्हणाले, "लाज आहे. ती जाणार नाही. माफी मिळाली म्हणून बोटं परत येत नाहीत. पण लाज असली तरी झोप लागते गं."

दादाने शिकवायचं काम घेतलं. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला मला नेलं, त्याचं डाव्या हाताचं अक्षर त्यालाच लागत नव्हतं. कंपनीच्या गोदामात एक जुनी मोटर, दोर, कप्पी आणि भिंतीवर मेन स्विच असं मांडलं होतं. समोर बाकांवर नवी माणसं. आणि दाराशी भावोजी. दादाने निरोप पाठवून त्यांना बोलावलं होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

दादाने उजवा हात वर केला आणि सगळ्यांना दाखवला. "हे कशाने झालं, ते हा सांगेल."

भावोजी पुढे आले. देवाचं नाव नाही, भीतीचा शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. "यांनी विचारलं होतं. मी बंद म्हटलं. हात दांडीवर नव्हता. मग मी खोटं बोललो, आणि बरीच वर्षं सगळ्यांनी यांच्या कानांना दोष दिला." मी चर्चमध्ये खूप साक्षी ऐकल्या आहेत, अर्ध्या वेळा मनात हसलेही आहे. ही ऐकताना मला हसू आलं नाही.

बाकावरच्या एकाने विचारलं, "मग तुम्हाला कामावर ठेवलं कसं?"

"ते मलाही कळलेलं नाही," भावोजी म्हणाले.

मग दादाला दोर कसा साफ करायचा ते दाखवायचं होतं. त्याने पिशवीतून हातमोजे काढले. उजव्या मोज्याची तीन बोटं रिकामी लोंबतात, ती आत दुमडून वरून दोऱ्याने बांधावी लागतात, नाहीतर कुठेतरी अडकायची. घरी ते वहिनी करते, दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नाही. मी पुढे झाले. दादाने मला बाजूला केलं आणि हात भावोजींसमोर धरला.

भावोजींनी तो हात इतक्या वर्षांत एकदाही नीट पाहिला नव्हता. आता त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, मोजा चढवला, एकेक रिकामं बोट आत दुमडलं. दादा बारीक आवाजात, बाकावरच्यांना जाऊ नये असा, म्हणाला, "त्या दिवशी मी आज नाही म्हणालो होतो."

"हो."

"आज म्हणतो. माफ केलं."

मान हलवत भावोजी दोरा गुंडाळत राहिले. "नीट बांध," दादा म्हणाला, "ही सगळी बघतायत." त्यांनी गाठ मारली. डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना समोरचं दिसत नव्हतं, त्यामुळे पहिली गाठ सुटली, आणि दादा हात तसाच पुढे धरून दुसरीची वाट बघत उभा राहिला.